सातेरीच्या पेशी आणि थाई सॅकब्रूड : प्रकल्प नोंदी

९ ऑक्टोबर

परतीचा पाऊस आवरला. पेट्यांमध्ये राणी पुन्हा जोमात अंडी घालायला लागलीय, म्हणजे आता कामाला हात घालायला हरकत नाही. प्रस्तावात सगळं काम एका वाक्यात बसवलंय : सातेरी मधमाशीच्या पेशी आणि ऊती प्रयोगशाळेत जगवायच्या, त्यांना थाई सॅकब्रूड या अळ्या मारणाऱ्या विषाणूची लागण करायची, आणि विषाणू आत गेल्यावर काय करतो ते बघायचं. वाक्य सुटसुटीत आहे. पण त्यातला 'जगवायच्या' हा एकच शब्द अख्खं वर्ष खाईल अशी शंका मला आजच येतेय.

हे प्रयोगशाळेच्या प्लेटमध्ये कशाला, मधपेटीत का नाही, असं सेमिनारला हमखास विचारतात. पेटीत आजारी अळी दिसली की कामकरी माशा ती ओढून बाहेर फेकतात. आपण चौकट उचलेपर्यंत पुरावा गायब. शिवाय प्रत्येक अळीला लागण कधी झाली, किती झाली, सोबत आणखी कोणते विषाणू होते, याचा काही पत्ता नसतो. प्लेटमध्ये निदान वेळ आपल्या हातात राहते.

आणि सातेरीच का, तर आपल्या डोंगरातली माशी ती. थाई सॅकब्रूड १९७६ मध्ये थायलंडमध्ये सातेरीच्याच जातीवर सापडला. १९९१-९२ मध्ये तो दक्षिण भारतात पसरला तेव्हा सातेरीच्या नव्वद टक्क्यांहून जास्त वसाहती गेल्या असं नोंदलेलं आहे. कर्नाटक-केरळातल्या जुन्या मधपाळांकडे त्या काळातल्या रिकाम्या पेट्यांच्या गोष्टी अजून ऐकायला मिळतात.

१७ ऑक्टोबर

महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला जावळीत एका मधपाळ मामांकडे गेलो. मामांनी आजारी पेटी वेगळी, ओढ्यापलीकडे नेऊन ठेवली होती. चौकट उन्हाकडे धरल्यावर ओळखायला काही कष्ट नाहीत. निरोगी पिलाव्याची (पोळ्यात वाढणाऱ्या पिल्लांची) झाकणं एकसारखी, भरलेली असतात. इथे मध्येच उघडी घरं, आणि प्रत्येक उघड्या घरात एक अळी पाठीवर ताठ पडलेली, तोंडाचं टोक वर उचललेलं. कोष होण्याआधीच मेलेली. चिमट्याने अलगद उचलली तर कातडी फाटत नाही; आत पाणी भरलेली इवलीशी पिशवी लोंबते, खालच्या टोकाला थेंब जमतो. ताज्या मेलेल्या मोतिया-पिवळट, जुन्या तपकिरी, आणि अगदी जुन्यांची वाळून खपली झालेली. वास जवळजवळ नाही. फाउलब्रूडसारखी दुर्गंधी आली असती तर जिवाणूचा संशय घेतला असता.

पिवळट अळ्या वेगळ्या नळ्यांत भरून बर्फात ठेवल्या. मामा बाजूला उभे राहून बघत होते.

"ताई, लोक चांगली पेटी बघून माशी नेत्यात. आजारी चौकट मागणाऱ्या तुमी पयल्याच."

"दोन्ही पाहिजेत मामा. आजारी पण आणि चांगली पण."

"चांगली म्हंजी? वरनं चांगली का आतनं?"

हा प्रश्न प्रस्तावाच्या परीक्षकांनी विचारला नव्हता.

मामांचा उपाय ठरलेला आहे. राणी पिंजऱ्यात कोंडायची, पेटी थोडे दिवस बिनपिलाव्याची ठेवायची. "अंडंच न्हाई तर रोग खाणार काय?" विषाणूला वाढायला कोवळी अळी लागते. पिलावा तुटला की साखळी तुटते, आणि मधल्या काळात माशा घरं साफ करून घेतात. औषध काहीच नाही, आणि बऱ्याचदा पेटी सावरतेही. मात्र सातेरीला फार छेडलं तर ती पेटीच सोडून जाते, त्यामुळे हे हलक्या हाताचं काम आहे.

२३ ऑक्टोबर

मामांच्या प्रश्नाचं उत्तर जेलवर आलं. वेगवेगळ्या ठिकाणच्या, दिसायला ठणठणीत वसाहतींमधल्या दाई माशा (अळ्यांना भरवणाऱ्या), अळ्या आणि अंडी यांचा आरएनए काढून सहा विषाणूंसाठी पीसीआर, म्हणजे विषाणूचा क्रम असला तर जेलवर बँड दाखवणारी चाचणी, लावला : सॅकब्रूड, ब्लॅक क्वीन सेल, डिफॉर्म्ड विंग, इस्रायली पॅरालिसिस, काश्मीर आणि क्रॉनिक पॅरालिसिस. ब्लॅक क्वीन सेल तर जवळजवळ सगळीकडे. सॅकब्रूडचा फिकट बँड अशाही पेट्यांत, जिथे एकही आजारी अळी नव्हती.

यात नवल नाही, पण जेलवर समोर बघितलं की पोटात गोळा येतोच. प्रौढ माशीत सॅकब्रूड गुपचूप राहतो. दाई माशीच्या डोक्यातल्या, अळीचं अन्न बनवणाऱ्या ग्रंथींमध्ये तो साठतो आणि अन्नाबरोबर कोवळ्या अळीच्या पोटात जातो. म्हणजे दिसायला चांगली दाईच रोग भरवते. डिफॉर्म्ड विंगचा विषाणू तर राणीकडून अंड्यातही उतरू शकतो.

त्यामुळे 'अंड्यातल्या पेशी स्वच्छ असतात' हे गृहीत धरून चालणार नाही. प्रत्येक खेपेला काही अंडी बाजूला काढून तपासायची आणि त्यांचा निकाल हातात येईपर्यंत त्या प्लेटवर काहीही टाकायचं नाही, असं ठरवलं. आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, नीट नसेल तर बाकीचं चित्रकलाच." वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

पाटीवर एका वसाहतीपुढे बरोबरची खूण केली. अंडी सहाही विषाणूंना निगेटिव्ह. हीच आमची राणी.

२८ ऑक्टोबर

आजचं काम जरा सविस्तर लिहिते, कारण छापील पद्धतीत हे दोन ओळींत उरकलेलं असतं.

राणीला जाळीच्या पिंजऱ्यात एका रिकाम्या पोळ्यावर एक दिवस कोंडलं. मग राणी सोडली आणि चौकट पेटीतच राहू दिली, म्हणजे अंड्यांचं वय कळतं. अंडं तीन दिवसांत फुटतं. आम्हाला दुसरा दिवस संपतानाचं हवं. त्यात ऊती तयार झालेल्या असतात, पण पेशी अजून विभागण्याच्या बेतात असतात.

सातेरीचं अंडं दीड मिलिमीटरच्या आसपास, घराच्या तळाला एका टोकावर चिकटलेलं. ओल्या बारीक ब्रशने बुडाशी हलकं फिरवून सोडवायचं. जोर केला की फुटतं, फुटलं की ते घर बाद. गोळा केलेली अंडी चाळणीच्या कपात घालून सौम्य सोडियम हायपोक्लोराइट, मग सत्तर टक्के अल्कोहोल, मग निर्जंतुक पाण्याच्या धुण्या. इथे घड्याळाकडे बघतच काम करायचं. कमी धुतली तर बुरशी, जास्त धुतली तर आतला जीव जातो. शेवटच्या पाण्यात अंडी तळाशी बसली पाहिजेत. तरंगतात ती बहुतेक रिकामी.

नंतर लॅमिनरमध्ये (गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक कपाटात), थोड्या माध्यमात, म्हणजे पेशींना जगवणाऱ्या द्रवात, प्लास्टिकच्या मुसळीने हलकेच दाबून फोडायची. वाटायची नाहीत. पेशी मोकळ्या होतात, कवचाचे तुकडे तरंगतात. तो गढूळ थेंब प्लेटच्या घरांमध्ये वाटून टाकला. माध्यम म्हणजे श्नायडर आणि एल-१५ या दोन तयार माध्यमांचं मिश्रण, दहा टक्के गाईच्या गर्भाचं सिरम, वर प्रतिजैविकं आणि बुरशीनाशक. यातल्या कशालाच कार्बन डायऑक्साइडची टाकी लागत नाही, हा मोठा दिलासा. साधा इनक्युबेटर ३२ अंशांवर लावला. पेटीतला पिलावा माशा ३४-३५ अंशांना राखतात, पण प्लेटमधल्या पेशींना जरा थंडच मानवतं असा इतरांचा अनुभव आहे.

३१ ऑक्टोबर

अर्ध्या घरांत पांढरे धागे. फेकून दिलं. उरलेल्यांत पेशी तळाला चिकटल्यात : काही गोल, काही दोन्ही टोकांना निमुळत्या, चातीसारख्या. एका घरात पेशींचा पुंजका लयीत आकसतो, सैल पडतो, पुन्हा आकसतो. स्नायूंच्या पेशी असाव्यात. सगळी लॅब सूक्ष्मदर्शकापुढे रांग लावून ते बघून गेली. प्रकल्पाच्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य.

८ नोव्हेंबर

पेशी जिवंत आहेत, चिकटलेल्या आहेत, पण वाढायचं नाव नाही. तोवर वाचन.

मधमाशीच्या पेशी जगवायचे प्रयत्न जुने आहेत, पण सतत विभागत राहणारी सेल लाइन मिळायला २०१३ उजाडावं लागलं. मिनेसोटा विद्यापीठात मायकल गोब्लिर्श, मार्ला स्पिव्हाक आणि टिमोथी कुर्टी यांनी मेलिफेराच्या, म्हणजे युरोपीय मधमाशीच्या, अंड्यांतून ती मिळवली. नाव 'एएमई-७११'. कामाची गोष्ट पुढे आहे. या लाइनमध्ये डिफॉर्म्ड विंगचा विषाणू आधीपासूनच मुरलेला निघाला. पेशी मरत नाहीत, विभागतात, आणि विषाणूही सोबत चालत राहतो. म्हणजे जगात विषाणूंच्या अभ्यासासाठी जी माशीची लाइन हाताशी होती, तिच्यातच विषाणू. काही लोक याला अडचण म्हणतात. मला वाटतं ते माशीचं खरंखुरं चित्र आहे. पेटीतली माशी तरी कुठे कोरी असते? फक्त त्या चित्रावर कंट्रोल उभा करायचा तर घाम फुटतो.

आता पुण्याची गोष्ट, कारण ती इथे कोणाला सांगितली तरी लोक चकित होतात. १९६७ मध्ये इथल्याच व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, के. आर. पी. सिंग यांनी एडिस डासांच्या अळ्यांपासून सेल लाइन तयार केल्या. त्यातल्या एडिस अल्बोपिक्टसच्या लाइनमधून इगाराशी यांनी १९७८ मध्ये एक क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेली शाखा, वेगळा केला, तो सी६/३६. डेंगी, चिकुनगुन्यावर काम करणाऱ्या जगभरच्या लॅबमध्ये आज तो असतो. विषाणू त्यात धो धो वाढतात. का वाढतात, तर त्या पेशींची आरएनए-हस्तक्षेपाची, म्हणजे विषाणूचा आरएनए कापून टाकायची यंत्रणा लंगडी आहे, हे बऱ्याच वर्षांनी उघड झालं. सोयीच्या पेशी आणि खऱ्या पेशी एकच नसतात. आमची सातेरी सोयीची अजिबात नाही, हे एवढ्यात कळलंच आहे.

२० नोव्हेंबर

अंड्यांच्या जोडीला कोषांवर काम सुरू केलं. पांढऱ्या ते गुलाबी डोळ्यांचे कोष घेतो. कारण सरळ आहे. प्रौढ माशीचं आतडं जिवाणूंनी भरलेलं असतं. कोष होताना अळीच्या आतड्याचं अस्तर पडून जातं आणि बाहेर येणारी नवी माशी जवळजवळ जिवाणूविरहित असते. पोळ्यावर इतर माशांच्या सहवासात तिला ते मिळतात. त्यामुळे ऊतींच्या तुकड्यांना कोषाचं आतडं चांगलं, प्रौढाचं नको.

पण कोषाचा त्रास वेगळाच. कोष कापला, रक्तद्रव माध्यमात मिसळला आणि बघता बघता माध्यम चहाच्या रंगाचं, तासाभरात काळं. माशीच्या रक्तद्रवातलं फिनॉलऑक्सिडेज जागं होतं आणि मेलॅनिन तयार करतं. जखम भरायला माशीला ते हवंच असतं, आमच्या पेशी मात्र त्यात मरतात. फिनाइलथायोयुरियाने ते थांबतं. जास्त झालं तर तेही पेशींना विषारी. बर्फावर कापणं, रक्तद्रव लगेच भरपूर माध्यमात पातळ करणं, गाळ खाली बसवून वरचं द्रव बदलणं आणि फिनाइलथायोयुरियाचा अगदी हलका हात, या चौघांनी मिळून प्लेट फिकट राहिली.

३ डिसेंबर

माध्यमाचा सामू आणि क्षारता यांवर आठवडा गेला. कीटकांच्या माध्यमाचा सामू सस्तन प्राण्यांच्या माध्यमापेक्षा कमी, साडेसहाच्या आसपास ठेवतात, आणि माशीचं रक्तद्रव साखरांनी जड असतं. ग्लुकोज, फ्रुक्टोज, ट्रेहॅलोज वाढवून बघितलं, प्रोलीन घालून बघितलं. अंड्यांच्या पेशींना फरक पडला, कोषांच्या पेशींना फारसा नाही. कोष्टक वेगळ्या फाईलमध्ये आहे, इथे उगाळत नाही.

१४ डिसेंबर

विषाणूचं काम सुरू. आजारी अळ्या बफरमध्ये वाटायच्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायच्या, वरचं द्रव ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं. सॅकब्रूडचा कण तीस नॅनोमीटरच्या आत-बाहेर, तो आरामात पार होतो. जिवाणू मागे राहतात. मेलेल्या अळ्यांच्या गाळलेल्या द्रवानेही रोग होतो, हे अमेरिकेत जी. एफ. व्हाइट यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं होतं. त्यांच्याकडे पीसीआर नव्हता, गाळणी होती.

अडचण अशी की गाळणीतून सॅकब्रूड जातो तसे बाकीचे विषाणूही जातात. आणि अळीचा अर्क नुसताच पेशींवर टाकला तरी पेशी आजारी दिसतात, कारण त्यात एन्झाइमं आणि मेलॅनिनचा माल असतो. निरोगी अळ्यांच्या अर्कानेही तसंच झालं. 'पेशी मेल्या म्हणजे विषाणूने मारल्या' असं म्हणायची सोयच राहिली नाही.

म्हणून सीझियम क्लोराइडच्या ग्रेडियंटवर, म्हणजे खाली खाली दाट होत जाणाऱ्या द्रावणात, अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये शुद्धीकरण. यंत्र शेजारच्या संस्थेत, वेळ रात्रीची मिळते. नळीवर उजेड पाडला की मधोमध एक निळसर धुक्याची पट्टी दिसते, घनता घनसेंटिमीटरला १.३५ ग्रॅमच्या जवळची. सुईने ती काढून घेतली, क्षार धुतले, पुन्हा सहा विषाणूंसाठी तपासली. सॅकब्रूड भरपूर. ब्लॅक क्वीन सेलचा पुसटसा बँड अजून आहेच. हे दोघेही कण जवळजवळ एकाच आकाराचे आणि घनतेचे, ग्रेडियंट त्यांना वेगळं करणार तरी कसा? वेगळ्या अळ्यांपासून पुन्हा सुरुवात. एकेक अळी आधी तपासायची, आणि ज्यात फक्त सॅकब्रूड आहे तेवढ्याच वाटायच्या.

२९ डिसेंबर

एकट्या सॅकब्रूडचा साठा तयार. छोट्या नळ्यांत भरून उणे ८० अंशांना.

६ जानेवारी

लागण. हा प्रयोग कागदावर मांडताना घरं कमी पडली, कारण कंट्रोलच जास्त झाले : नुसतं बफर, निरोगी अळ्यांचा, तशाच ग्रेडियंटमधून काढलेला अर्क, अतिनील किरणांनी निकामी केलेला विषाणू, आणि जिवंत विषाणू. वेळ शून्य, सहा तास, एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. शून्य वेळेचा नमुना सगळ्यांत महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच गाळतात.

विषाणू वाढतोय की नुसता पडून आहे, हे ठरवायचं कसं? सॅकब्रूडचा जीनोम एकेरी धाग्याचा धन आरएनए, सुमारे ८८०० अक्षरांचा. साध्या पीसीआरला तो विषाणू टाकल्याच्या क्षणापासूनच दिसणार. पेशीत शिरून त्याने स्वतःच्या प्रती काढायला घेतल्या तरच त्याचा उलटा, ऋण धागा तयार होतो. म्हणून ऋण धागा शोधायचा.

यातही खाचखळगे आहेत. आजारी अळीच्या अर्कात तिच्या स्वतःच्या पेशींमधले ऋण धागे असतातच. ते साठ्यात राहिले तर शून्य वेळेलाच बँड येणार. कवचाच्या आत फक्त धन धागा असतो, त्यामुळे साठ्याला आधी न्यूक्लिएज हे आरएनए कापणारं एन्झाइम लावून बाहेरचा सगळा आरएनए कापून टाकला. दुसरी खोड रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजची, म्हणजे पीसीआरआधी आरएनएची डीएनए प्रत काढणाऱ्या एन्झाइमची. आरएनए स्वतःवरच दुमडून प्रायमरविना (प्रत सुरू करून देणाऱ्या छोट्या तुकड्याविना) प्रत काढतो आणि खोटा ऋण धागा उभा राहतो. त्यावर उपाय म्हणजे प्रायमरच्या शेंड्याला माशीत किंवा विषाणूत कुठेच नसलेला एक परका तुकडा जोडायचा आणि पुढचा पीसीआर त्या तुकड्यावरूनच करायचा. प्रायमर न घातलेली नळी प्रत्येक नमुन्याबरोबर लावायची ती वेगळीच.

१६ जानेवारी

जेल आला. अंड्यांच्या पेशी : शून्य वेळेला ऋण धागा नाही, सहा तासांना नाही, एक दिवसाला अंधुक, दोन दिवसांना स्पष्ट. अतिनील लावलेल्या विषाणूत धन धागा आहे, ऋण नाही. प्रायमर नसलेल्या नळ्या कोऱ्या. मॅडमनी जेलचा फोटो खिडकीपाशी नेऊन उलटसुलट बघितला आणि "पुन्हा करा" एवढंच म्हणाल्या. त्यांच्या भाषेत ही शाबासकी.

कोषांच्या पेशींमध्ये चित्र धूसर आहे. एका खेपेला बँड, दुसऱ्या खेपेला नाही. विषाणू कोवळ्या अळीला पकडतो, कोषापर्यंत पोचायच्या आतच ती मरते. तेव्हा कोषाच्या पेशींनी त्याला थंडपणे घेतलं तर समजण्यासारखं आहे. पण समजण्यासारखं असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं.

पेशी मात्र मरताना दिसत नाहीत. ऋण धागा वाढतोय आणि सूक्ष्मदर्शकाखाली लागण झालेलं घर आणि बफरचं घर ओळखू येत नाही. म्हणजे प्लाक (मेलेल्या पेशींचे ठिपके) मोजणं, पेशी मरण्यावरून विषाणूचं प्रमाण काढणं, हे विषाणूशास्त्रातले नेहमीचे मार्ग इथे बंद.

२४ जानेवारी

ऊतींकडे वळले. दाई माशीच्या डोक्यातल्या अन्नग्रंथी काढणं हे नाजूक काम आहे. डोकं मेणात रोवायचं, समोरचं कवच उघडायचं. आत दोन्ही बाजूंना पांढऱ्या मण्यांच्या गुंडाळलेल्या माळा. दाईच्या वयात मणी टपोरे असतात, रानात जायला लागलेल्या माशीत सुकून जातात. माळ न तुटता काढली तर ती माध्यमात काही दिवस तग धरते.

शंका होतीच, ती खरी ठरली. निवडलेल्या वसाहतीची अंडी स्वच्छ, पण त्याच वसाहतीतल्या काही दाईंच्या ग्रंथींमध्ये सॅकब्रूड आधीपासून हजर, ऋण धाग्यासकट. इथे बाहेरून लागण करण्यात अर्थ नाही. पण आपसूक लागलेल्या ग्रंथी शरीराबाहेर ठेवल्यावर विषाणू माध्यमात सोडतात का, हे बघता येईल. माध्यमात धन धागा येतोय. आता ते माध्यम अंड्यांच्या कोऱ्या पेशींवर टाकायचं. दाईकडून अळीकडे जाणारा रस्ता प्लेटमध्ये जोडून बघण्याचा हा प्रयत्न मला सगळ्या प्रस्तावापेक्षा जास्त आवडलाय, आणि तो प्रस्तावात नाहीच.

२ फेब्रुवारी

लॅब सेमिनार. विषय घेतला : प्लेटमध्ये जिंकणारा आणि पेटीत जिंकणारा.

एएमई-७११ वर आयोवात झालेलं काम २०१६ मध्ये आलं. पेशींवर एकाहून जास्त विषाणूंचं मिश्रण टाकलं तर इस्रायली पॅरालिसिसचा विषाणू बाकीच्यांना मागे टाकून पुढे जातो आणि पेशी मारतो. मग जगभरच्या पेट्यांत तोच का दिसत नाही? तिथे तर डिफॉर्म्ड विंगचं राज्य आहे. उत्तर व्हरोआ या कोळीवर्गातल्या परजीवीत आहे. हवाई बेटांवर व्हरोआ पोचला तेव्हा काय झालं याचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला : डिफॉर्म्ड विंगचा वावर सुमारे दहा टक्के वसाहतींवरून शंभर टक्क्यांवर गेला आणि विषाणूच्या अनेक उपजातींमधून एकच माजली. परजीवीच्या तोंडून थेट अंगात शिरायला मिळालं की ज्याला तो रस्ता मानवतो तो जिंकतो. आणि यजमानाला लगेच मारून टाकणाऱ्या विषाणूला पुढच्या माशीपर्यंत पोचायची फुरसतच मिळत नाही.

प्लेटमध्ये ना परजीवी, ना आतड्याची भिंत, ना अळी फेकून देणाऱ्या बहिणी. त्यामुळे प्लेटला 'पेशीत शिरल्यावर काय होतं' एवढंच विचारावं. रोग का पसरतो हे तिला विचारलं तर ती ठासून चुकीचं उत्तर देईल.

सातेरीचा मुद्दा निघाला. व्हरोआ मुळात सातेरीचाच परजीवी, मेलिफेरावर तो नंतर गेला. सातेरीत त्याची पैदास नरांच्या पिलाव्यापुरती राहते, म्हणून आपल्या माशीला त्याचा जाच कमी. तिचा खरा शत्रू सॅकब्रूडच.

१९ फेब्रुवारी

आता दुहेरी धाग्याचा आरएनए. विषाणूच्या क्रमाशी जुळणारा असा आरएनए पेशीत घातला की पेशीची यंत्रणा त्याचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांच्या आधारे विषाणूचा आरएनए हुडकून कापते. चीनमध्ये २०१० मध्ये सातेरीच्याच जातीच्या अळ्यांना तो खाऊ घालून सॅकब्रूडपासून संरक्षण मिळाल्याचं प्रसिद्ध झालं आहे. आम्ही तेच पेशींवर लावलं.

ऋण धाग्याचा बँड उतरला. सगळे खूश. पण कंट्रोल म्हणून जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनाच्या जनुकाचा दुहेरी आरएनए लावला होता, ज्याचा या विषाणूशी काडीचाही संबंध नाही, आणि त्यानेही बँड उतरला. थोडा कमी उतरला, पण उतरला.

हे आमच्यापुरतं नाही. मेलिफेरात असंबंधित दुहेरी आरएनएनेही विषाणू दबतो हे कॅलिफोर्नियात मिशेल फ्लेनिकेन आणि राउल अँडिनो यांनी २०१३ मध्ये दाखवलंय. दुहेरी आरएनए दिसला की माशीची पेशी सरसकट सावध होते, क्रम कुठलाही असो. म्हणून 'आमच्या आरएनएने विषाणू कमी झाला' असं म्हणताना किती क्रमामुळे आणि किती नुसत्या सावधगिरीमुळे, हे वेगळं काढावं लागतं. मधपाळांना साखरेच्या पाकातून औषध विकायचं स्वप्न बघणाऱ्यांनी हा कंट्रोल लावल्याशिवाय एक बाटलीही भरू नये.

६ मार्च

मामांचा फोन. जांभूळ फुलायला लागलाय, पेट्या भरतायत. ओढ्यापलीकडच्या पेटीची राणी कोंडून सोडली होती, नवा पिलावा एकसारखा झाकलेला आहे म्हणाले.

"तुमचं अवशीद कुठवर आलं ताई?"

अजून औषध नाही, आधी आजार नीट समजून घेतोय, असं सांगितलं. "समजा की. घाई न्हाई," म्हणाले, आणि वर त्या पेटीतल्या नव्या माशा तपासायला घेऊन जा म्हणाले. सावरलेल्या पेटीतल्या दाईंच्या ग्रंथी! पिलावा तुटल्यावर विषाणू खरंच गेला, की फक्त अळ्या मरायच्या थांबल्या, हे आता बघता येईल. पुढच्या आठवड्यात जाते.

१५ मार्च

मामांच्या पेटीचे निकाल. अळ्या आणि अंडी निगेटिव्ह. दाईंच्या ग्रंथींमध्ये काहींत बँड आहे, फिकट. धन धागा फक्त; ऋण दिसला नाही, पण इतक्या कमी मालात ऋण न दिसणं हा पुरावा धरता येत नाही. पावसाळ्यानंतर पिलावा वाढेल तेव्हा हीच पेटी पुन्हा तपासायची. तिच्यावर लाल पट्टी मारून ठेवायला सांगितलं.

२२ मार्च

ग्रंथींमधून माध्यमात आलेला विषाणू अंड्यांच्या पेशींवर टाकला होता. दोन दिवसांना ऋण धागा आला. ब्लॅक क्वीन सेलही सोबत आलाय, त्यामुळे खेप बाद धरली. फक्त सॅकब्रूड असलेल्या ग्रंथी निवडून पुन्हा लावायची.

अंड्यांच्या पेशी दहा टक्के डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या होत्या, त्यातली एक नळी आज काढली. वितळवल्यावर बहुतेक मेलेल्या, काही चिकटल्या. त्या चिकटलेल्यांचा आरएनए काढलेला नाही, आधी वाढू देत. एका फ्लास्कमध्ये मागच्या महिन्यापासूनच्या पेशींचा एक ठिपका कडेने पसरतोय असं वाटतंय. रोज फोटो काढायचा, हात लावायचा नाही. त्याच फ्लास्कमधलं माध्यम बदलताना निघालेलं जुनं द्रव फेकलेलं नाही, सहा विषाणूंच्या पीसीआरला लावलंय. निकाल सोमवारी.